पपईचे बूड कुजण्याआधी ओळखावे
मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात गोराईच्या वाडीतली असो वा गच्चीवरच्या पिंपातली असो, पपई पाण्याअभावी क्वचितच मरते. ती मरते बुडाशी साचलेल्या पाण्याने. खालची पाने पिवळी पडून लोंबू लागली की अनेकजण आणखी पाणी घालतात आणि तिथेच घात होतो. त्याऐवजी जमिनीलगतची साल नखाने खरवडून पाहावी: आतला भाग पांढरट व टणक असल्यास बूड निरोगी समजावे, पण तो तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाचा लागल्यास पिथियम किंवा फायटोफ्थोरा या रोगकारकांचा संशय घ्यावा. फळांवर पाणी शोषल्यासारखे डाग पडून त्यांवर पांढरी बुरशी चढल्यास फायटोफ्थोराचा संशय अधिक बळावतो.

प्रथम पाण्याला वाट करून द्यावी आणि सडलेली फळे वाडीबाहेर न्यावीत. ती खतखड्ड्यात टाकू नयेत. कूज थोडीच असेल तर ती खरवडून बुडाशी एक टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक ओतावे. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत प्रत्येकी ५ लिटर पाण्यात विरघळवून एकत्र करावा. मिश्रणात बुडवलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर चढल्यास चुना वाढवावा. बुंध्याला सभोवार कूज लागलेले झाड मात्र, जीव तुटला तरी, मुळासकट उपटावे.