इंजिनिअरिंगमधून एमबीएकडे वळताना अर्ज भक्कम कसा करायचा

आयआयएमच्या मुलाखतीला गेलात, तर बाहेर ताटकळत बसलेल्यांत बी.ई., बी.टेक.वाल्यांचीच गर्दी दिसेल. कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा देणाऱ्या मुलांनी या गर्दीचं बारसंही केलंय: 'जेम', म्हणजे जनरल, इंजिनिअर, मेल. अशा गर्दीत 'माझी विश्लेषणशक्ती चांगली आहे' हे वाक्य अर्जात लिहून काहीच साधत नाही, कारण ते शेजारच्यानेही लिहिलेलं असतं. दुसरं टोक त्याहून वाईट. इंजिनिअरिंग कधी आवडलंच नाही, घरच्यांनी ढकललं, आता सुटका हवी, असा सूर. शिक्षण आणि नोकरी मिळून सहा-सात वर्षं तुम्हीच मोडीत काढलीत, तर निवड समितीने तुमच्यात पाहायचं काय? तेव्हा इंजिनिअरिंग लपवायचं नाही. तेच काम पैसा, ग्राहक आणि माणसं या बाजूंनी मांडायचं.

पहिली पायरी: दार ठरवा

सगळीकडे 'अर्ज' या गोष्टीला सारखं वजन नसतं. जमनालाल बजाजसारख्या संस्थेत महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीतून जायचं असेल, तर खेळ सीईटीच्या गुणांचा आणि कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा. तिथे निबंध घासूनपुसून लिहिण्यात वेळ घालवू नका, मॉक टेस्ट सोडवा. कॅटमधून आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाताना परसेंटाइल, जुने गुण, अनुभव आणि मुलाखत यांची गोळाबेरीज होते. अंधेरीच्या एसपीजेआयएमआर या व्यवस्थापन संस्थेत तुमच्या प्रोफाइलकडे बारकाईने पाहिलं जातं.

अनुभव जास्त असेल, तर एक वर्षाचे अभ्यासक्रम पाहा. हैदराबाद आणि मोहालीच्या आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) मुख्य अभ्यासक्रमासाठी किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला चार, बेंगळुरूच्या ईपीजीपीला पाच. तिथे जीमॅट किंवा जीआरई या आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षांचा स्कोअर चालतो आणि निबंध, शिफारसपत्रं यांना खरा अर्थ येतो. सात-आठ वर्षं नोकरी झालेल्याने नुकत्याच पास झालेल्या मुलांसोबत दोन वर्षांच्या वर्गात बसण्याचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्लेसमेंटच्या वेळी कंपन्या तिथे ज्या पदांसाठी येतात, ती पदं तुम्ही मागे टाकलेली असतात.

प्लांटमध्ये काम केलेल्यांनी पवईकडेही लक्ष ठेवावं. तिथली निटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन हा तिचा जुना बालेकिल्ला.

दुसरी पायरी: आकड्यांशी वाद घालू नका

दहावी, बारावी आणि डिग्रीचे गुण आता बदलणार नाहीत. अनेक आयआयएम ते शॉर्टलिस्टमध्ये धरतात, शिवाय मुली आणि बिगर-इंजिनिअर यांना बऱ्याच ठिकाणी वेगळे गुण मिळतात. त्यावर कट्ट्यावर कितीही चर्चा होऊ दे, तुमच्या हातात परीक्षेचा स्कोअर आहे. कॅट साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि इंजिनिअर तिथे गणितात सहसा अडत नाही, तो अडतो व्हीएआरसीत, म्हणजे इंग्रजी भाषा आणि उताऱ्यांच्या भागात. चाळीस मिनिटांत तत्त्वज्ञानापासून जीवशास्त्रापर्यंतचे उतारे पचवायचे, तर रोज थोडं तरी संपादकीय वाचन हवं. जीमॅटचं रूप २०२३ च्या अखेरीस बदललं: आता क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स असे ४५ मिनिटांचे तीन भाग असतात, भूमिती आणि व्याकरणाची वाक्यं गेली. जुनी पुस्तकं कुणी फुकट देत असेल, तरी जपून.

केटी लागली असेल (विषय मागे राहिला), वायडी झालं असेल (वर्ष गेलं), तर ते झाकू नका. जिथे विचारलं असेल तिथे दोन वाक्यांत कारण, तिसऱ्यात पुढे काय सुधारलं ते. परिच्छेदभर सफाई दिली की नसलेली शंका उभी राहते.

तिसरी पायरी: रेझ्युमे नव्याने लिहा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. समजा, तुम्ही चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन इंजिनिअर आहात. रेझ्युमेत हे वाक्य आहे: 'सीएनसी विभागाची जबाबदारी. लीन, फाइव्ह एस, कायझेन राबवले.' असं वाक्य रांजणगावपासून भोसरीपर्यंत कुणाच्याही रेझ्युमेत चिकटवता येईल.

आता प्रत्यक्ष काय केलंत ते आठवा. एका मशीनवर सेटअप बदलायला, म्हणजे पुढच्या भागासाठी मशीन तयार करायला, ४२ मिनिटं लागायची, ती १८ वर आणलीत. वाचली २४ मिनिटं. दिवसाला तीन सेटअप म्हणजे ७२ मिनिटं, महिन्याच्या २५ दिवसांत १,८०० मिनिटं, म्हणजे ३० तास. मशीनचा तासाचा दर ६०० रुपये धरला, तर एका मशीनमागे महिन्याला १८,००० रुपये, चार मशीनचे ७२,०००. बहुतेक इंजिनिअर इथे खूश होऊन थांबतात आणि '७२ हजारांची बचत' असं लिहून मोकळे होतात.

पण पॅनेलवरचा प्राध्यापक लगेच विचारेल: मोकळ्या झालेल्या तासांत मशीनने केलं काय? मशीन नुसतं उभं राहिलं असेल, तर कंपनीचा एक रुपयाही वाचलेला नाही, कारण घसारा आणि ऑपरेटरचा पगार चालूच आहे. त्या तासांत बाहेर जॉबवर्कला जाणारं काम आत घेतलं असेल किंवा नवी ऑर्डर बसवली असेल, तरच बचत खरी. म्हणून ओळ अशी होईल: 'चार सीएनसी मशीनवरील सेटअपचा वेळ ४२ वरून १८ मिनिटांवर आणून दरमहा १२० तास मोकळे केले, त्यात बाहेर जाणारे जॉबवर्क कारखान्यात आणले.' दुसऱ्या पाळीचे जुने ऑपरेटर आधी तयार नव्हते आणि त्यांना तुम्ही कसं राजी केलंत, हा भाग निबंधासाठी राखून ठेवा. नेतृत्वाबद्दल विचारतात तेव्हा पॅनेलला हेच ऐकायचं असतं, 'टीम प्लेअर' वगैरे विशेषणं नव्हेत.

हिंजवडीच्या आयटीवाल्यांनाही हाच नियम. कोणतं फ्रेमवर्क वापरलं हे एका शब्दात उरका. ते मॉड्यूल क्लायंटला का हवं होतं, उशीर झाला असता तर कुणाचं काय अडलं असतं, बिलिंग कसं होत होतं, हे लिहा. क्लायंटचं नाव सांगायची परवानगी नसेल, तर 'एक युरोपीय बँक' एवढं पुरतं.

अशा ओळी सुचतच नसतील, तर दोष लिहिण्यात नसून कामात आहे आणि तो सहा महिन्यांत भरून काढता येतो. साहेबांना सांगून एखाद्या कोटेशनच्या कॉस्टिंगला बसा. ग्राहकाच्या तक्रारीवरच्या बैठकीला क्वालिटीवाल्यांबरोबर जा. परचेसमधल्या माणसाबरोबर चहा घ्या आणि स्टीलचा भाव वाढला की तो काय करतो, ते विचारा. ऑनलाइन प्रमाणपत्रांची माळ लावण्यापेक्षा हे कितीतरी कामाचं. अकाउंटिंग अगदीच नवं असेल, तर स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एखादा कोर्स परीक्षेसह पूर्ण करा आणि तिथेच थांबा.

चौथी पायरी: 'एमबीए का?' याचं उत्तर

उत्तरात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पुढे नेमकं कोणतं काम करायचंय, त्यासाठी आज काय येत नाही आणि ते नोकरीत राहून का शिकता येत नाही. 'मॅनेजमेंटमध्ये जायचंय' हे उत्तर नव्हे. 'सुट्या भागांच्या कंपन्यांत किंमत ठरवणं आणि ग्राहकाशी वाटाघाटी करणं याकडे वळायचंय' हे उत्तर आहे. त्या कामात असलेल्या दोन-तीन जणांशी बोलून घ्या, त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. हर्षा भोगले केमिकल इंजिनिअर होऊन अहमदाबादच्या आयआयएममध्ये गेले आणि पुढे क्रिकेट समालोचन हेच मुख्य काम केलं, म्हणजे योजना बदलतातच. समिती तुमचं भविष्य नव्हे, तुमचा विचार तपासत असते.

पाचवी पायरी: कामाबाहेरचं

इथे उगाच नवं काही उभं करू नका. अर्जाच्या आधी दोन महिने सुरू झालेली समाजसेवा लगेच ओळखू येते. कॉलेजात बाहा या वाहन बनवण्याच्या स्पर्धेसाठी गाडी बनवली असेल, तर वेल्डिंगपेक्षा त्या स्पर्धेतल्या खर्चाच्या आणि विक्रीच्या सादरीकरणाबद्दल सांगा. पुरुषोत्तम किंवा फिरोदिया या कॉलेजांच्या रंगमंचीय स्पर्धांना बॅकस्टेज केलं असेल, मंडळाची वर्गणी आणि हिशेब सांभाळला असेल, ढोल-ताशा पथकाच्या सरावाला शंभर जणांना वेळेवर हजर ठेवलं असेल, तर ते व्यवस्थापनच आहे. फक्त आकडे आणि तुमची नेमकी भूमिका सांगता आली पाहिजे.

शिफारसपत्रासाठी कंपनीच्या एमडींच्या मागे लागू नका. रोज तुमचं काम पाहणाऱ्या मॅनेजरकडे जा, तुमच्या कामाचे तीन प्रसंग कागदावर लिहून द्या आणि किमान तीन आठवडे आधी सांगा. पत्र मात्र त्यांनाच लिहू द्या. तुम्ही लिहून त्यांनी नुसती सही केलेलं पत्र तुमच्या निबंधाच्याच भाषेत बोलतं, आणि ते वाचणाऱ्याला कळतं.

सहावी पायरी: मुलाखत आणि फाइल

शाखेची उजळणी कराच. मेकॅनिकलवाल्याला थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम आला नाही, तर शाखाबदलाची सगळी कहाणी लंगडी पडते. त्याच्या जोडीने आपल्या कंपनीची उलाढाल, मोठे ग्राहक आणि प्रतिस्पर्धी माहीत हवेत. कंपनी शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवाल वाचा, नसेल तर तुमच्या मोठ्या ग्राहकाचा वाचा. वाहन उद्योगात ग्राहक दरवर्षी दरकपात मागतो. 'दोन टक्के कमी करा म्हणाले, तर तुम्ही काय कराल?' याचं उत्तर घरीच कागदावर मांडून पाहा: किती कच्च्या मालातून, किती स्क्रॅप कमी करून, आणि कुठे नाही म्हणणार.

फाइल आठवडाभर आधी लावा. केटीच्या सेमिस्टरसह सगळ्या मार्कशीट, विद्यापीठाच्या नियमानुसार सीजीपीए टक्क्यांत बदलल्याचा पुरावा, प्रत्येक कंपनीचं रुजू झाल्याचं आणि सोडल्याचं पत्र. अर्जात भरलेले अनुभवाचे महिने या पत्रांवरच्या तारखांशी एकदा मोजून ताडून घ्या. ट्रेनी म्हणून काढलेले महिने धरायचे की नाहीत, हे त्या संस्थेच्या प्रवेश धोरणात पाहूनच ठरवा.