पगाराच्या केसमधल्या तडजोडीला हरकत घेताय? या चुका टाळा

लोटे, महाड, मिरजोळे, कुठलीही एमआयडीसी घ्या, थकीत पगाराची केस वर्षानुवर्षं रखडते आणि तडजोडीचा कागद बरोबर गणपतीच्या तोंडावर समोर येतो, तेव्हा घराघरात पैशाची निकड असते म्हणून घाईघाईत सह्या होतात आणि ज्याला पटलेलं नसतं तो गप्प बसतो.

हे गप्प बसणंच सगळ्यात महाग पडतं. "मी सही केली नाय, मला लागू नाय" असं बरेचजण धरून चालतात. आपसातला करार फक्त त्यात सामील असलेल्यांनाच बांधतो हे खरं, पण समेट अधिकाऱ्याच्या, म्हणजे मालक-कामगारांचा वाद मिटवायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मध्यस्थीने झालेला करार सही न करणाऱ्यालाही लागतो, अगदी नंतर कामाला लागलेल्यालासुद्धा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच आहे. तेव्हा पहिला प्रश्न हाच, की करार कोणापुढे होतोय.

दुसरी चूक, हरकतीच्या अर्जात नुसतं "रक्कम कमी आहे" लिहिणं. हिशोब जोडा ना! समजा तासाला 60 रुपये पडतात आणि महिन्याला 50 तास ओव्हरटाइम झाला, तर दुप्पट दराने 6000 व्हायला हवेत, मिळाले 3000, म्हणजे वर्षाचे 36000 बाकी, आणि तडजोडीत देतायत 15000. पगाराच्या स्लिपा, हजेरीचे फोटो, बँकेचं पासबुक सोबत लावा, मग समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

पण फक्त एकाच कलमावर अडून बसू नका. हर्बर्टसन्स कंपनीच्या केसमध्ये 1976 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तडजोड तुकड्यातुकड्याने तोलायची नाही, पूर्ण बघायची. आणि त्याच कोर्टाच्या 1981 च्या टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) निकालाप्रमाणे बहुसंख्य कामगारांनी डोळे उघडे ठेवून मान्य केलेली तडजोड योग्यच धरली जाते. म्हणजे खरा मुद्दा इथे आहे: डोळे उघडे होते का? मीटिंगची नोटीस निघाली होती का, इंग्रजी मसुदा मराठीत वाचून दाखवला का, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या का, कंत्राटी बायकांची नावं यादीत आहेत का, हे तारखांसकट लिहा. युनियनच्या पुढाऱ्याला शिव्या घालून काही होत नाही, उलट अर्ज वैयक्तिक भांडणाचा दिसतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निषेध म्हणजे हरकत नव्हे. लेखी अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर पोच म्हणून शिक्का व तारीख घ्या, तेही करार नोंदला जायच्या आधी, नंतर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करत बसावं लागतं आणि ते फार अवघड जातं.

चेक हातात पडलाच तर "पूर्ण व अंतिम" छापलेल्या पावतीवर डोळे मिटून सही करू नका, "हक्क राखून स्वीकारले" असं स्वतःच्या हाताने लिहा आणि तिथेच फोटो काढून ठेवा.