क्रिएटिनिनचा आकडा एकटा वाचू नका

मी लॅबमध्ये रक्त घेते आणि घरी आईची किडनीची फाईलही मीच सांभाळते. रिपोर्ट हातात पडला की लोक क्रिएटिनिन बघतात, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा एक टाकाऊ पदार्थ. ठळक छापलेलं दिसलं की धास्तावतात, साधं दिसलं की निर्धास्त होतात. दोन्हीत घाई होते.

आधी एक वही घाला. तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर (क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढलेला, किडनी किती गाळते याचा अंदाज), लघवीतला एसीआर (अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण), पोटॅशियम, हिमोग्लोबिन असे रकाने आखा. शेवटचा रकाना रुंद ठेवा: त्या दिवसांत ताप आला होता का, जुलाब झाले का, अंगदुखीची गोळी घेतली का, कुठलं औषध नव्याने सुरू झालं. हे रिपोर्टवर छापलेलं नसतं, आणि डॉक्टर नेमकं तेच विचारतात.

मग ईजीएफआरकडे या. क्रिएटिनिनची वाढ दिसते तशी सरळ नसते. ६५ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.० वरून १.३ झालं, तर २०२१च्या सूत्राने ईजीएफआर साधारण ८४ वरून ६१ वर येतो. तेच ३.० वरून ३.३ झालं तर २२ वरून २०. वाढ दोन्हीकडे ०.३ चीच. म्हणजे सुरुवातीची वाढ, जिला "थोडंसंच वाढलंय" म्हणून सोडून देतात, तीच जास्त मोलाची असते.

पण एका रिपोर्टवर निष्कर्ष नको. ६० च्या खालचा ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त टिकला, तरच तो जुनाट आजार धरतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम आणि भरपूर मांसाहार टाळा, त्यानेही क्रिएटिनिन चढतं. ईजीएफआरमध्ये वर्षाला ५ पेक्षा जास्त अशी घसरण सतत दिसत असेल, तर आजार वेगाने पुढे सरकतोय. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा एसजीएलटी२ गटातली (मधुमेहात आणि किडनीच्या आजारात देतात ती) औषधं सुरू केल्यावर ईजीएफआर आधी जरा उतरतो, तो बहुतेकदा अपेक्षितच असतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. आईचे दंड वाळले तसं तिचं क्रिएटिनिन उगाचच बरं दिसायला लागलं होतं. अशा माणसांसाठी सिस्टॅटिन सी ही किडनीचं काम मोजणारी रक्ताची दुसरी तपासणी डॉक्टरांना जरूर विचारा. तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. मात्र स्टेरॉइड चालू असेल किंवा थायरॉइड बिघडलेलं असेल तर तीही फसवते, तेव्हा ते आधी सांगा.

रक्ताइतकीच लघवी बोलते, आणि लोक नेमकी तीच तपासणी टाळतात. एसीआर ३० च्या वर (मिग्रॅ/ग्रॅम मध्ये) म्हणजे अल्ब्युमिन गळतंय, ३०० च्या वर म्हणजे गळती जोरात आहे. ईजीएफआर तोच असलेल्या दोघांपैकी ज्याची गळती जास्त, त्याची किडनी पुढे बिघडण्याचा धोका मोठा. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या.

पोटॅशियम अचानक वाढलेलं आलं, तर नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या होत्या का हे लॅबला विचारा. फुटल्या असतील तर आकडा खोटा चढतो आणि पुन्हा रक्त द्यावं लागतं. पण ६ च्या वर गेलेलं असेल तर लॅबच्या उत्तरासाठी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.