स्वादुपिंडावर काम करायचंय? आधी आरएनए काढायला शिका

माझ्या पीएचडीचा विषय आहे दारूमुळे होणारा स्वादुपिंडाचा दाह आणि त्यात पेशींवर येणारा ताण. यंदा लॅबमध्ये आलेल्या दोघींनी मला विचारलं, "ताई, सुरुवात कुठून करायची?" त्यांना जे सांगितलं तेच लिहितेय.

आधी असिनार पेशी ओळखा. पाचक एन्झाइम्स या पेशी बनवतात, आणि प्रथिनं तयार करण्याच्या वेगात त्यांची बरोबरी करणारी पेशी शरीरात क्वचितच सापडेल. तयार झालेलं प्रथिन पेशीबाहेर कसं पडतं, हे जॉर्ज पॅलेड यांनी याच पेशींवर उलगडलं. १९७४ च्या नोबेलचे ते एक मानकरी. प्रथिनांना नीट घडी घालायचं काम एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ईआरमध्ये चालतं. दारूमुळे तिथला कारभार बिघडतो, नीट घडी न बसलेली प्रथिनं साचतात (हाच तो ताण) आणि पेशी यूपीआर नावाची बचावयंत्रणा सुरू करते. आयआरई-१, पर्क आणि एटीएफ-६ हे तिचे तीन पहारेकरी.

ताण वाईट, तेव्हा तो बंद पाडणारं औषध द्यायचं, असं मी धरून चालले होते. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये पर्कला अडवणारं रसायन होतं. गाईडनी ते परत केलं आणि ऑरेलिया लुजिया, स्टीफन पांडोल यांच्या गटाचा २०११ चा पेपर हातात ठेवला. साध्या उंदरांना दारू दिली, तर त्यांच्या स्वादुपिंडात यूपीआरमधल्या एक्सबीपी-१ या जनुकाचं कामाचं रूप वाढतं आणि पेशी तगून राहतात. ज्या उंदरांत या जनुकाची एकच प्रत आहे, त्यांच्यात ईआर फुगतं आणि पेशी मरू लागतात. म्हणजे ताणाला दिलेलं उत्तरच पेशीला वाचवत होतं! पर्क अडवणाऱ्या रसायनांनी तर प्राण्यांच्या स्वादुपिंडालाच इजा झालेली आहे. तेव्हा उपचाराचं लक्ष्य ठरवताना कुठली वाट बंद करायची याआधी कुठल्या वाटेला हात द्यायचा, हे विचारा. टीयूडीसीएसारखी, प्रथिनांची घडी सावरायला मदत करणारी रसायनं मला म्हणूनच जास्त आशेची वाटतात.

आता आरएनए. पेशीत कुठलं जनुक किती चालू आहे, हे त्यावरूनच कळतं. माझे पहिले चार महिने यातच गेले. एकाच उंदराचं यकृत आणि स्वादुपिंड, एकच किट, एकच दुपार. जेलवर पळवल्यावर यकृताच्या आरएनएचे दोन्ही बँड (पट्टे) लख्ख आले, स्वादुपिंडाच्या जागी नुसता खाली ओघळलेला धूर. कारण या अवयवात आरएनए तोडणारं एन्झाइमच ठासून भरलेलं असतं. तुम्ही कात्री ठेवून ट्यूब शोधेपर्यंत काम तमाम. म्हणून ट्यूबमध्ये हे एन्झाइम निकामी करणारं ग्वानिडिनचं द्रावण आधीच भरून ठेवा. पोट उघडलं की प्लीहा चिमट्यात धरून उचला, तिला लागून मऊ, फिकट गुलाबी पसरट तुकडा येतो. त्यातला हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा थेट ट्यूबमध्ये टाका आणि तिथल्या तिथे होमोजिनाइझ करा, म्हणजे घोटून एकजीव करा. बाकीचे अवयव नंतर.

एक्सबीपी-१ च्या आरएनएच्या दोन रूपांत, म्हणजे मूळ आणि कामाच्या रूपात, फरक फक्त २६ न्यूक्लिओटाइड्सचा. एक टक्क्याच्या जेलवर दोन्ही बँड एकच दिसतात. तीन टक्क्यांचं जेल घ्या आणि सावकाश पळवा.

उंदरांना द्यायच्या दारूच्या आहारात ३६ टक्के कॅलरी इथेनॉलच्या असतात. तिथपर्यंत आठवडाभर हळूहळू चढा. कंट्रोल, म्हणजे दारू न दिलेल्या उंदराला तेवढ्याच कॅलरी मोजून द्या, नाहीतर उपासमारीचा परिणाम दारूच्या नावावर जमा होईल. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि अल्कोहोलचं परमिट या दोन्हींचे अर्ज पहिल्याच महिन्यात करा.

आणि एक दिवस तरी गॅस्ट्रोच्या ओपीडीत बसा. मी बसले तेव्हा पोट दाबून धरलेल्या एका माणसानं डॉक्टरांना विचारलं, "दारू सुटली साहेब, बिडी चालेल ना?" डॉक्टर नाही म्हणाले. घरी येऊन मी लुजिया-पांडोल यांच्याच गटाचा २०१७ चा पेपर काढला: दारूच्या जोडीला सिगरेटच्या धुराचा अर्क आला की असिनार पेशींचं यूपीआरचं संरक्षण ढासळतं आणि त्या मरू लागतात. माझ्या प्रयोगातला धुराचा गट त्या दुपारनंतरचा आहे.