लघवीचा रिपोर्ट 'नॉर्मल' आणि किडनीचा आजार: या चुका टाळा

पंधरा वर्षांची शुगर, बीपीची गोळी चालू, आणि लघवीच्या रिपोर्टवर 'प्रोटीन: निल'. कागदाची घडी खिशात जाते आणि लगेच घरी फोन होतो, "किडनी एकदम ओके आहे." लॅबच्या काउंटरवर मी हे सतत ऐकते आणि दर वेळी वाटतं, काका, जरा थांबा.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. साध्या तपासणीत लघवीत रंग बदलणारी पट्टी बुडवतात. लिटरमागे साधारण 300 मिलिग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन, किडनी बिघडली की हेच लघवीत गळतं) असलं की पट्टीवर 'एक प्लस' उमटतो. घरून तीन ग्लास पाणी पिऊन आलात तर लघवी पातळ होते आणि प्रोटीनची गळती लपून जाते. समजा लिटरमागे अल्ब्युमिन 70 मिलिग्रॅम आहे आणि क्रिएटिनीन (स्नायूंमधला टाकाऊ पदार्थ, लघवी पातळ झाली की तोही तेवढाच पातळ होतो) अर्धा ग्रॅम. पट्टी 'निल' सांगणार. पण 70 भागिले अर्धा, म्हणजे एका ग्रॅम क्रिएटिनीनमागे 140 मिलिग्रॅम! 30 च्या आत असायला हवं, 300 च्या वर गेलं तर गळती मोठी. या भागाकारालाच यूरीन एसीआर म्हणतात. डॉक्टरांना ही तपासणी नाव घेऊन विचारा. टाइप 2 मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर एकदा आणि पुढे दरवर्षी.

जोडीला रक्तातलं क्रिएटिनीन हवंच, पण नुसता आकडा 'रेंजमध्ये' आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. 70 वर्षांच्या आजींचं क्रिएटिनीन 1.1 असेल तर ते बऱ्याच रिपोर्टांत नॉर्मल दिसतं. त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज, काढला तर येतो 54 च्या आसपास. तो 60 च्या खाली तीन महिने राहिला तर तो किडनीचा जुनाट आजारच.

उलट बाजूचीही चूक होते. एकदा एसीआर 80 आला की घरात रडारड. ताप होता का? लघवीत जळजळ? आदल्या दिवशी गड चढून आलात? पाळी चालू होती? या सगळ्यांनी आकडा फुगतो. बरं वाटल्यावर सकाळची पहिली लघवी देऊन तपासणी परत करा. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला, तरच ती खरी गळती धरतात.

आता गोळ्यांचं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या चालू केल्यावर एसीआर खाली येतो आणि काही जण "आता बरं झालं" म्हणून गोळीच बंद करतात. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. बंद केली की गळती परत वाढते. डापाग्लिफ्लोझिन (साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी शुगरची गोळी) घेणाऱ्यांच्या लघवीत साखर 'तीन प्लस' दिसते. ते औषधाचं कामच आहे, घाबरून ते सोडू नका. आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, त्या किडनीला खरोखर त्रास देतात.

कधी डॉक्टर 24 तासांची लघवी सांगतात. इथे बहुतेकांची गडबड पहिल्याच लघवीला होते. सकाळी सहाला उठलात, ती लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, रात्रीची सुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी सहाची शेवटची पण त्यातच. पहिली धरली तर आकडा उगाच वाढतो, मधली एखादी बाहेर गेली तर कमी येतो. लग्नाला गेलात, प्रवासात चुकलं, असं होतं. लपवू नका, मला काउंटरवर येऊन सांगा. नवीन कॅन देते, घरी निवांत असाल त्या दिवशी परत सुरू करा.