बासरीला तडा का जातो? नव्या वादकांनी या चुका टाळा

नवी बासरी घरी आली की पहिले काही दिवस तिचे फार लाड होतात. कुणी ती नळाखाली धुतं, कुणी तेलात बुडवून ठेवतं, कुणी दमट वास येतो म्हणून गच्चीवर उन्हात टाकतं. बांबूची बासरी दुर्लक्षापेक्षा अशा लाडांनीच जास्त बिघडते.

बांबूचे तंतू नळीच्या लांबीच्या दिशेने धावतात. ओल लागली की नळी रुंदीत फुगते, वाळली की आकसते. लांबीत फारसा फरक पडत नाही. वाजवताना आतली बाजू श्वासाच्या वाफेने ओली होते आणि बाहेरची कोरडीच राहते. हा ताण असह्य झाला की बासरी उभी तडकते, आडवी नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ यातच आहे.

वाजवून झाली की लगेच पिशवीत

रियाजानंतर बासरीतून जे थेंब गळतात ती मुख्यतः थुंकी नसते, श्वासातली वाफ थंड नळीत साचलेली असते. ती तशीच ठेवून बासरी प्लास्टिकच्या पिशवीत किंवा पीव्हीसी पाइपच्या डब्यात बंद केली की पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, आत बुरशी धरते. जुन्या मलमलीचा तुकडा पातळ काठीला गुंडाळा, उघड्या टोकाकडून हळूच आत फिरवा, मग बासरी सावलीत आडवी ठेवा. अर्ध्या तासाने पिशवीत गेली तरी चालेल. पाइपचा डबा प्रवासाला उत्तम, रोजच्या वापराला कापडी पिशवी बरी.

काठी आत घालताना जरा जपून. फुंकण्याच्या भोकाच्या पलीकडे आत बूच बसवलेलं असतं आणि त्याची जागा बनवणाऱ्याने सूर लावताना ठरवलेली असते. काठीच्या धक्क्याने ते सरकलं तर मध्य सप्तक बरं वाजतं, पण तार सप्तक बेसूर होतं. महिनोन्‌महिने आपल्याच फुंकरीला दोष देणारे विद्यार्थी असतात, आणि बूच तेवढं जागचं हललेलं असतं.

तेल: किती, कुठे, कुठलं

बासरीच्या बाहेरच्या सालीत तेल मुरत नाही, त्यावर लॅकरचा हात असेल तर नाहीच नाही. वरून चोळलेलं तेल फक्त बोटं निसरडी करतं. तेल लावायचं ते आतून. कापडावर मोहरीच्या किंवा बदामाच्या तेलाचे चार-पाच थेंब घ्या, आतून पातळ हात फिरवा, रात्रभर आडवी ठेवा आणि सकाळी उरलेलं तेल कोरड्या कापडाने टिपून घ्या. बुचाला आणि फुंकण्याच्या भोकाच्या धारेला तेल लागू देऊ नका. त्या धारेवर हवा फुटते तेव्हाच सूर उमटतो. खोबरेल तेल घरात हाताशी असतं, पण २४ अंशांच्या आसपास ते थिजतं. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी बासरीत पांढरा थर पाहायचा असेल तरच वापरा. दोन-तीन महिन्यांतून एकदा तेल पुरे. कोरड्या हवेत थोडं लवकर, पावसाळ्यात जवळजवळ नाहीच.

ऊन, गाडी, एसी

विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिक्कीत ठेवलेली बासरी संध्याकाळपर्यंत तडकू शकते. एसीच्या झोताखालचा कोनाडा, फ्रिजचा माथा, खिडकीचा कठडा या जागाही नकोत. परदेशातल्या मंडळींनी आणखी जपावं. दिवाळीत पुण्याहून नेलेली बासरी हीटर चालू असलेल्या खोलीत पोचते, तिथली हवा फार कोरडी असते. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती बासरीच्या डब्यात ठेवली तर बराच फरक पडतो. आर्द्रता ४० ते ६० टक्के राहिली की बांबू सुखात असतो. नवी बासरी सुरुवातीला एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटंच वाजवावी, मग हळूहळू वेळ वाढवावा.

धोक्याची सूचना दोरा देतो. बासरीवर जागोजागी बांधलेले नायलॉनचे बांध केवळ शोभेचे नसतात, ते नळीला आवळून धरतात. एखादा बांध बोटाने सरकायला लागला तर बांबू आकसला आहे असं समजा. दोरा पुन्हा ताणून बांधा आणि जागा बदला.

आवाज फुटत नाही, दोष कुणाचा?

सहाही भोकं बंद करून मंद्र पंचम येत नसेल तर आधी बासरीची परीक्षा घ्या. फुंकण्याच्या भोकासकट सगळ्या भोकांवर चिकटपट्टी घट्ट लावा, उघड्या टोकाला ओठ लावून हवा हलकेच ओढा. हवा अडली आणि क्षणभर ओढ टिकली, तर नळी शाबूत आहे. मग दोष बोटांचा: टोकाने दाबू नका, पेर सपाट ठेवा, अनामिका तपासा. हवा आत येतच राहिली तर कुठेतरी बारीक चीर आहे किंवा बूच सैल आहे.

थंडीत सूर उतरलेला वाटणं हा मात्र बिघाड नाही. हवेचं तापमान १० अंशांनी कमी-जास्त झालं की बासरीचा सूर अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका हलतो. भोकं बंद करून दोन मिनिटं आत ऊबदार श्वास सोडा, मग तानपुऱ्याशी ताडून पाहा. कानसाने किंवा पॉलिश पेपरने भोक मोठं करून सूर जुळवू नका. भोक मोठं झालं की तो सूर चढतो, आणि घासून गेलेला बांबू परत येत नाही.

केसासारखी चीर घरी सांधता येते. तिथलं तेल आणि ओल नीट पुसा, नाहीतर काहीच धरणार नाही. पातळ फेविक्विक चिरेवर थेंबाथेंबाने सोडा, आत ओघळलेलं लगेच टिपा, सुकल्यावर चिरेवरून दोरा घट्ट गुंडाळा. चीर फुंकण्याच्या भोकापर्यंत पोचली असेल तर हात लावू नका, बनवणाऱ्याकडे न्या. जत्रेतली रंगीत बासरी असेल तर तेवढाही खटाटोप नको. तिचे सूर बहुधा पहिल्यापासूनच जुळलेले नसतात, शिकायला दुसरी घ्या.