जुनी गोधडी धुताना फाटू नये म्हणून

आज्जीच्या हातची गोधडी धुवायला काढली की दरवेळी कुठेतरी टर्रकन फाटतेच, कारण पाणी प्यायली की ती इतकी जड होते की उचलतानाच विरलेलं लुगडं जीव सोडतं. मशीनला तर घालूच नका.

१. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक ठिगळ दाबून बघा, विशेषतः लाल आणि काळं. रंग लागला तर धुणं कॅन्सल, नुसती सावलीत वाऱ्यावर टाका.

२. टबात आधी जुनी चादर पसरा, तिच्यावर गोधडी. गार पाणी, थोडं रिठ्याचं पाणी किंवा माइल्ड लिक्विड, हाताने दाबत राहायचं, घासायचं नाही, धोक्याने (कपडे धुवायच्या लाकडी दांडक्याने) बडवणं तर अजिबात नको.

३. उचलताना गोधडीला हात न लावता चादरीची चार टोकं दोघांनी धरून उचला (खरी ट्रिक हीच, बाकी सगळं तुम्हाला माहितीच असेल), पाणी निथळू द्या, पिळू नका.

४. दोरीवर लटकवू नका, बाजेवर आडवी वाळवा, सावलीत.

विरलेला तुकडा उसवून काढायचा मोह होतो पण तो राहू द्या, वरून जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा ठेवून साधा धावदोरा घाला. आमच्या गोधडीत एका ठिगळाखाली अजून तीन ठिगळं निघाली, सगळ्यात आत कुणाच्या तरी झबल्याचं फुलाफुलांचं कापड!

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, ओल धरून बुरशी येते. सुती कपड्यात गुंडाळा आणि दोनतीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरते.